पैनगंगेच्या अलीकडचा कागद

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांच्या जमिनीविषयी लिहिले गेलेले कागद त्याहून कितीतरी जुने आहेत. मुघल अमलात हा मुलूख वऱ्हाड सुभ्यातील वाशीम आणि पाथरी या सरकारांत, म्हणजे अनेक परगणे मिळून होणाऱ्या महसुली विभागांत, मोडत होता. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर तो निजामाच्या ताब्यात स्थिरावला, आणि १७१९ च्या बादशाही सनदांच्या आधारे मराठे त्याच महसुलातून चौथाई, म्हणजे चौथा हिस्सा, व सरदेशमुखी, म्हणजे शेकडा दहा, मागत राहिले. एकाच शिवाराच्या उत्पन्नावर दोन सरकारांचे हात पडत असल्याने, आणि त्या दोहोंच्या खाली देशमुख, देशपांडे, पाटील व कुलकर्णी यांचे वंशपरंपरागत हक्क असल्याने, जमीन राखणे हे नांगराइतकेच लेखणीचेही काम होऊन बसले होते. या मुलखातील रोजच्या पत्रव्यवहाराचे मूळ या गुंतागुंतीत आहे, आणि त्या पत्रांत काय टिकले व काय नाहीसे झाले याचेही कारण तेच आहे.

जमीन आणि कायदा ही दोन्ही ज्याच्या हाती आहेत असा पत्रलेखक इतरत्रही आढळतो. अठराव्या शतकातील व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत विल्यम बर्ड दुसरा (१६७४–१७४४) लंडनला कायदा शिकून परतला आणि तंबाखूच्या विस्तीर्ण मळ्यांचा मालक म्हणून लंडनच्या अडत्यांना पत्रे लिहीत राहिला; पुढच्या काळात थॉमस जेफरसन १७६७ मध्ये वकिलीला लागला, आणि त्याने आयुष्यभरात लिहिलेल्या पत्रांची संख्या सुमारे १९,००० भरते. जेफरसनने १७८३ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८२६ पर्यंत, आलेल्या आणि गेलेल्या पत्रांची नोंदवही ठेवली, आणि १८०४ पासून एका लेखणीबरोबर दुसरी लेखणी हलवून जागीच नक्कल उतरवणारे यंत्र वापरले. ज्याची मालमत्ता दूरवर पसरलेली असते आणि जिच्याविषयी केव्हाही वाद उभा राहू शकतो, त्याला आपण काय लिहिले हे दुसऱ्याइतकेच स्वतःलाही दाखवावे लागते. मराठी दप्तरांत आवक-जावक पत्रांच्या नोंदीला बारनिशी म्हणत, आणि सरकारी कचेऱ्यांत हा शब्द आजही त्याच अर्थाने चालतो. मात्र ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. जेफरसनच्या मळ्यांवर त्याच्या हयातीत सहाशेच्या आसपास माणसे गुलाम म्हणून राबली, तर हिंगोलीकडचा वतनदार हा कष्टकऱ्यांचा मालक नसून गावाच्या उत्पन्नातील एका वाट्याचा धनी होता. त्याचे कुळांवरचे आणि बलुतेदारांवरचे वजन मोठे असले, तरी ते वेगळ्या जातीचे होते.

वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारे कामाचे पद आणि त्यापोटी मिळणारा हक्क. परगण्याचा देशमुख महसूल गोळा होण्याची हमी घेई, देशपांडे त्याचा हिशेब लिही व साधारणपणे देशमुखाच्या निम्मा हक्क खाई, आणि गावपातळीवर हीच जोडी पाटील व कुलकर्णी या नावांनी वावरे. निजामी मुलखात कुलकर्ण्याला पुढे पटवारी हे नाव रूढ झाले. हे सारे व्यवहार मोडी लिपीत चालत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लटकवत जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, आणि त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात जितका भरभर चाले तितका वाचणाऱ्याचा डोळा अडखळे. या लिपीचे श्रेय परंपरा यादवांचा करणाधिप हेमाद्री पंडित, म्हणजे हेमाडपंत, याला देते. औंढ्याच्या नागनाथाचे देऊळही लोक हेमाडपंतीच म्हणतात, तेव्हा या जिल्ह्यात त्याचे नाव दगडावर आणि कागदावर असे दोन्हीकडे घेतले जाते. लिपीविषयीची कथा संशोधकांना पुरेशी वाटत नसली तरी त्याच्याच नावावर चालत आलेले मेस्तक, म्हणजे कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे हे सांगणारी पुस्तिका, पत्रव्यवहाराच्या इतिहासात अधिक महत्त्वाची आहे. कारण मायना हा नुसता शिष्टाचार नव्हता, तो लिहिणारा आणि घेणारा यांची पायरी ठरवणारा पुरावा होता.

असा एखादा कागद जवळून पाहिला तर त्याची घडण ध्यानात येते. कागद बहुधा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा असतो, हातबनावटीचा, घोटून गुळगुळीत केलेला, आणि लांबट पट्ट्यांत कापलेला. मजकूर वाढला की दुसरी पट्टी खाली चिकटवतात, आणि मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून महत्त्वाच्या कागदाच्या सांध्यावर मागून खूण करतात. माथ्यावर ‘श्री’, त्याखाली बरोबरीच्या माणसाला ‘राजमान्य राजश्री’, वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, विधवेला ‘गंगाभागीरथी’. त्यानंतर ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय लिहीत जाणे’ हे ठरलेले वाक्य, आणि मग ‘विशेष’ या शब्दापाशी खरे पत्र सुरू होते. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ असे म्हणून लेखक हात आखडता घेतो, आणि सरकारी पत्र असेल तर लेखन संपल्याची मुद्रा उठवून ‘मोर्तब सुद’ असा शेरा पडतो, म्हणजे त्यापुढे कोणी ओळ घुसवू नये. ओली शाई बारीक वाळू टाकून टिपत, आणि जुनी घडी उलगडताना तिचे कण आजही बोटांना लागतात. पत्र पोहोचले की घेणारा पाठीवर ‘पै॥’ लिहून तारीख घाली. हे ‘पैवस्ती’चे, म्हणजे पोहोचल्याचे, संक्षिप्त रूप. या एका शेऱ्यामुळे पत्र किती दिवस वाटेत होते हे दोनशे वर्षांनंतरही मोजता येते.

तारखेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. मराठी पत्रात ‘छ’ म्हणून जो आकडा येतो तो मुसलमानी महिन्यातील चंद्राचा दिवस असतो, घरगुती पत्रात शक आणि तिथी असते, आणि सरकारी कागदावर सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. मराठे आणि निजाम यांच्यातील खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ रोजी झाली. तो दिवस शके १७१६ च्या फाल्गुनात, सुहूर सन ‘खमस तिसैन मया व अलफ’ म्हणजे पाच, नव्वद, शंभर आणि हजार मिळून ११९५ मध्ये, आणि फसली सन १२०४ मध्ये येतो. सुहूर आणि दख्खनचा फसली ही दोन्ही वर्षे मृग नक्षत्राबरोबर, पेरणीच्या तोंडाशी, सुरू होत, कारण ती पिकाच्या आणि वसुलीच्या सोयीची होती. चार कालगणना एकाच वेळी डोक्यात ठेवणारा कुलकर्णी हा गावातील सर्वांत धूर्त माणूस म्हणून बदनाम झाला यात नवल नाही. ही बदनामी बरीचशी त्याने कमावलेली असली, तरी थोडी गणिताचीही होती.

मराठेशाहीच्या काळात वकील म्हणजे न्यायालयात बाजू मांडणारा नव्हे, तर एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला प्रतिनिधी. निजाम अलीच्या दरबारी पेशव्यांचा वकील असलेल्या गोविंदराव कृष्ण काळे यांनी नाना फडणविसांना अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली पत्रे या प्रकारातील ठळक उदाहरण आहेत. राजकारणाचे मोठे डाव त्यांत आहेतच; पण ज्या भांडणातून खर्डा घडले त्याचा गाभा थकलेल्या चौथाई-सरदेशमुखीचा हिशेब हा होता, आणि तो हिशेब परगण्यापरगण्याच्या मामलेदारांच्या, देशपांड्यांच्या कागदांवरूनच वर चढत असे. हिंगोली-वसमतकडच्या एखाद्या महालात झालेली अडवणूक आधी स्थानिक पत्रात, मग वकिलाच्या पत्रात आणि अखेर पुण्याच्या दप्तरात उतरे. पत्रे नेणारे कासीद किंवा जासूद बहुधा जोडीने निघत, म्हणजे एकाला वाटेत काही झाले तरी दुसरा पुढे जाईल. त्यांची मजुरी म्हणजे अजुरा, आणि निकडीच्या पत्राला पोहोचण्याची मुदत ठरवून दिली जाई. समुद्रापलीकडे लिहिणारे व्हर्जिनियाचे मळेवाले एकाच पत्राच्या दोन प्रती दोन वेगळ्या जहाजांतून पाठवीत. भीती तीच, वाहन तेवढे निराळे.

गावातील वादाचा निवाडा महजरावर होई. महजर म्हणजे गोतसभेपुढे, अर्थात गावचे व परगण्याचे वतनदार, बलुतेदार आणि जाणते यांच्या साक्षीने झालेला निर्णयाचा कागद. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची खूण काढीत: पाटलाच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे त्याचे हत्यार, आणि कुलकर्ण्याच्या नावापुढे लेखणी-दौत. गावातील बहुसंख्य माणसे लेखी इतिहासात अशा चार रेघांपुरतीच येतात, आणि स्त्रिया त्याहूनही कमी, बहुधा दत्तकाचा किंवा वाटणीचा तंटा उभा राहिला तरच. व्हर्जिनियाच्या मळ्यांवरील गुलामांची नावे मालकाच्या यादीत कांबळी आणि धान्याच्या हिशेबाशेजारी सापडतात. दोन्हीकडे लिहिणारा एक आणि लिहिले गेलेले अनेक, हे प्रमाण सारखेच आहे. पत्रव्यवहारावरून समाज वाचू पाहणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

एकोणिसाव्या शतकात या मुलखाच्या पत्रव्यवहाराला सर्वांत मोठा धक्का नदीने दिला, म्हणजे नदीवर ओढलेल्या सीमेने. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेची, छावणी होती आणि ती फौज १९०३ मध्ये हिंदी सैन्यात विलीन होईपर्यंत राहिली. या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. ज्या फौजेपायी शेजारचा मुलूख तुटला तिच्याच एका तुकडीचा तळ हिंगोलीकरांच्या अंगणात होता, असा हा व्यवहार. पैनगंगेच्या उत्तरेला वाशीम, पुसद, उमरखेड. दक्षिणेला हिंगोली, कळमनुरी. दोन्हीकडे तीच भाषा, तेच सोयरे, पुष्कळदा एकाच घराण्याची वतने. पण आता पलीकडच्या कचेरीत मराठी आणि इंग्रजी, तर अलीकडे फारसी आणि १८८० नंतरच्या दशकात तिच्या जागी उर्दू. पलीकडे इंग्रजी महिने, अलीकडे आजूर, दै, बहमन अशा फारसी नावांचे महिने आणि ऑक्टोबरात सुरू होणारा फसली. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे निजामाचा हाली. शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा हाली पडत असल्याने, नुसते ‘रुपये दोनशे’ लिहिलेले पत्र हे भांडणाचे बी ठरे, आणि शहाणा लेखक आकड्यापुढे ‘हाली’ किंवा ‘कलदार’ घातल्याशिवाय पुढची ओळ सुरू करीत नसे.

याच सुमारास अमेरिकेचा मळेवाला आणि पैनगंगेकाठचा कापूस पिकवणारा यांची गाठ पडली, तीही एकमेकांना न पाहता. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या वऱ्हाडी कापसाचे भाव भडकले. सावकार आणि अडते यांच्या पत्रांत दूरच्या बाजाराचा भाव ही रोजची बाब होऊन बसली, आणि युद्ध थांबताच भाव कोसळले तेव्हा हुंडीची मुदतही. हिंगोलीची कापसाची पेठ पुढे नावारूपाला आली, आणि १९१२ मध्ये पूर्णा ते हिंगोली हा लोहमार्ग झाल्यावर कासीदाचे उरलेसुरले कामही संपले.

नव्या वकिलाचा जन्म या काळातला. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ मध्ये जिलाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडून त्यांवर पगारी तालुकदार नेमले, तेव्हा महसूल गोळा करण्याचे देशमुख-देशपांड्यांचे काम गेले आणि त्यांना रुसूम, म्हणजे रोख हक्काची रक्कम, तेवढी उरली. काम नाही पण हक्क आहे, अशा माणसाला कागदाशिवाय दुसरा आधार नसतो. वतनदार मेला की विरासत, म्हणजे वारसाच्या हक्काची चौकशी, चाले. इनामाची तपासणी अतियात खात्याकडे जाई. आणि या प्रत्येक पायरीला जुनी सनद मोडीतून वाचून उर्दूत मांडणारा कोणी तरी लागे. ज्या घरांत लेखणी पूर्वापार होती त्यांतील काही मुले मग उर्दूत वकिलीची परीक्षा देऊन ते काम करू लागली. घरची शेती, वतनाचा हिस्सा आणि कोर्टातील मेहनताना अशा तिहेरी उत्पन्नावर जगणारा वकील मराठवाड्याच्या तालुक्यातालुक्यांत दिसू लागला. त्याच्या पत्रांत अर्जदावा, जवाबदावा, मिसल आणि पेशी हे शब्द ज्वारीच्या पेवाइतके सहज येत, आणि ‘आज पेशी आहे’ हे वाक्य या भागातील शेतकरी अजूनही कोर्टाच्या तारखेसाठीच बोलतो.

या वर्गातून वर आलेले सर्वांत ठळक नाव केशवराव कोरटकर यांचे. १८६७ मध्ये तेव्हाच्या वसमत तालुक्यातील आणि आजच्या हिंगोली जिल्ह्यातील पुरजळ येथे जन्मलेले केशवराव गुलबर्ग्याला वकिलीत नावाजले, पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, हैदराबादेतील आर्य समाजाचे धुरीण म्हणून ओळखले गेले आणि १९३२ मध्ये वारले. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि १९०७ च्या सुमारास हैदराबादेत उभी राहिलेली विवेकवर्धिनी या शाळांच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. ज्या संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी, तिथे शाळा काढणे म्हणजे आधी पत्रे लिहिणे: देणगीसाठी धनिकांना, परवानगीसाठी सरकारला, शिक्षकांसाठी पुण्याला. वकिलाची सवय इथे उपयोगी पडे, कारण परवानगीच्या अर्जातील एक अनावश्यक विशेषण शाळा अडवू शके. १९२९ च्या गश्ती नंबर ५३ ने, म्हणजे त्या क्रमांकाच्या सरकारी परिपत्रकाने, पूर्वपरवानगीशिवाय सभा भरवणे बंद केल्यावर तर संस्थानातील माणसांना आपली राजकीय परिषद १९३१ मध्ये पैनगंगेपलीकडे अकोल्याला भरवावी लागली. १८५३ मध्ये वतनदारांची डोकेदुखी ठरलेली सीमा आता त्यांच्या नातवांच्या सोयीची झाली. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, आणि मराठवाड्यातील वकिलांचा पत्रव्यवहार त्यानंतर उघडपणे राजकारणाकडे वळला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला आणि पाठोपाठ इनामे व रोख हक्कही रद्द झाले. ज्या हक्कासाठी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, पिढ्यान्‌पिढ्या राखली होती तो हक्कच उरला नाही, आणि शाळांतून मोडीही गेली. जे घरात कोणाला वाचता येत नाही आणि ज्याच्या जोरावर काही मागता येत नाही, ते माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडते. पुष्कळ दप्तरांचे तसेच झाले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली तेव्हा अशी घराणी कागद दाखवायला राजी नसत, कारण वतनावर संकट येईल अशी धास्ती होती. पन्नास वर्षांनी धास्ती संपली, आणि तिच्याबरोबर कागदांची राखणही. वतनाच्या लोभाने जेवढा इतिहास दडवला त्याहून अधिक सांभाळला, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

या राखणीचा दुसरा परिणाम असा, की उरलेल्या कागदांत हक्काचे फार आणि संसाराचे फार थोडे आहे. घरगुती मजकूर बहुधा हक्काच्या पत्राच्या शेपटाला, जागा उरली म्हणून, आडव्या-उभ्या ओळींत चिकटलेला असतो: पोरीचे लग्न, तापावरचे औषध, बियाण्याची सरकी, शिवरात्रीला औंढ्याला येणे होईल की नाही. रुसुमाच्या रकमेमुळे पत्र जपले गेले आणि रकमेच्या आडोशाने सरकीही वाचली. नुसतेच क्षेमकुशल असलेले पत्र वाचून झाले की त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहिला जाई.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली, आणि निजामकाळातील मोडी व उर्दू कागद वाचणाऱ्यांची गरज तहसील कचेऱ्यांना एकाएकी भासू लागली. शोध थेट हैदराबादच्या अभिलेखांपर्यंत गेला. कुणबी दाखल्याला लागणारा शब्द बहुधा महसुलाच्या किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत एका रकान्यात सापडतो, त्यामुळे तेवढेच पान बाहेर काढून त्याची छायाप्रत घेतली जाते. घराण्यांच्या जुन्या रुमालांवरही आता अशीच नजर वळली आहे, आणि सनद वेगळी, हिशेब वेगळा, पत्रे वेगळी अशी फाटाफूट करण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण बांधणाऱ्याने जो कागद ज्या कागदाशेजारी ठेवला तो क्रम एकदा मोडला, की कोणत्या रुसुमाच्या वादात कोणते लग्न अडले होते हे कोणत्याही सूचीवरून पुन्हा जुळवता येत नाही.